कर्नल गोठवणे हा इलाज नव्हे

लिनक्स वापरणाऱ्या मंडळींत एक मत इतके रुजले आहे की त्याला आता कोणी पुरावाही मागत नाही. कर्नल अपडेट झाला की ग्राफिक्स ड्रायव्हर मोडतो आणि स्क्रीन काळी पडते. म्हणून मशीन एकदा नीट चालू लागले की कर्नलला हात लावू नये. एनव्हिडियाचे कार्ड असलेल्याला तर हा सल्ला पहिल्याच दिवशी मिळतो. उबुंटूवर ‘एप्ट-मार्क होल्ड’ लावा, फेडोरावर कर्नल वगळणारी ओळ कॉन्फिगमध्ये घाला आणि निश्चिंत राहा. हा सल्ला देणारे अडाणी नाहीत. त्यांच्यात वर्षानुवर्षे लिनक्सवर पोट भरणारे लोक आहेत. म्हणूनच त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही, ते नीट मांडून मगच खोडावे लागते.

पूर्वपक्ष असा. काल संध्याकाळी मशीन चालत होते. रात्री अपडेट आला. सकाळी ग्रबचा मेनू दिसला आणि त्यानंतर नुसता अंधार. मधल्या काळात बदलले ते एकच, कर्नल. मग दोष दुसऱ्या कोणाचा असणार? दुसरे असे की कागदपत्रे टाइप करणाऱ्याला किंवा ब्लेंडरवर काम करणाऱ्याला नव्या कर्नलमधून हाती काय लागते? चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? तिसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. विंडोजमध्ये ड्रायव्हरसाठी ठरवून दिलेला इंटरफेस वर्षानुवर्षे पाळला जातो. लिनक्सचे कर्नलकार असा इंटरफेस पाळायला उघड नकार देतात, आणि त्याची किंमत सामान्य वापरकर्ता मोजतो. शेवटी, अडलेच तर ‘नोमोडसेट’ घालून बूट करता येते, नाहीतर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घालता येतो. तेही जमले नाही तर सिस्टिम नव्याने टाकावी.

यातल्या एकाही मुद्द्याला मी खोटारडेपणा म्हणत नाही. तिसऱ्यात तर बराच सत्यांश आहे. पण या सगळ्यांची बेरीज करून जो निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही.

आधी पहिला मुद्दा घेऊ, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत. एकाच कर्नलचा एकच अपडेट दोन लॅपटॉपवर येतो. एकात इंटेलचे ग्राफिक्स आहे, दुसऱ्यात एनव्हिडियाचे. पहिला नेहमीसारखा चालू होतो, दुसरा काळा पडतो. कारण फक्त कर्नल असते तर परिणाम दोन्हीकडे दिसायला हवा होता. तो दिसत नाही. मग फरक कुठे आहे?

फरक मॉड्यूल कुठे राहते यात आहे. इंटेलचे आय९१५ आणि एएमडीचे एएमडीजीपीयू ही मॉड्यूल्स कर्नलच्याच सोर्समध्ये असतात. एएमडीजीपीयू २०१५ मध्ये, कर्नल ४.२ पासून तिथे आले. कर्नल बांधला जातो तेव्हा तीही बांधली जातात आणि त्याच पॅकेजातून मशीनवर उतरतात. एनव्हिडियाचे मॉड्यूल या घराबाहेर वाढते. प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नलसाठी बांधले याची खूण असते, तिला वर्मॅजिक म्हणतात. ती जुळली नाही तर कर्नल त्या मॉड्यूलला दारातूनच परत पाठवतो. म्हणजे नवा कर्नल आला की एनव्हिडियाचे मॉड्यूल त्याच्यासाठी नव्याने बांधलेले असलेच पाहिजे. हे काम बहुतेक ठिकाणी डीकेएमएस करते. डेलच्या अभियंत्यांनी ही व्यवस्था २००३ च्या सुमारास नेमक्या याच अडचणीसाठी उभी केली. फेडोरावर आरपीएम फ्यूजनचे एकेमॉड्स तेच करते.

मॉड्यूल बांधले गेले नाही तर सरळ काळोख का, कमी प्रतीचे का होईना चित्र का दिसत नाही? याचे उत्तर फार थोडे लोक सांगतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना मॉडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये नूव्हो या मुक्त ड्रायव्हरला बंदी घालणारी ओळ लिहिली जाते, कारण एका कार्डावर दोघे बसू शकत नाहीत. आता नव्या कर्नलसाठी एनव्हिडियाचे मॉड्यूल नाही आणि नूव्होला मज्जाव आहे. कार्ड बेवारस राहते. डेस्कटॉप सुरू करणारा प्रोग्राम कार्ड शोधतो, त्याला ते मिळत नाही, आणि तो पडतो. मशीन मात्र जिवंत असते. कॅप्स लॉक दाबला की दिवा लागतो. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबले की बहुतेक वेळा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिनची ओळ येते. ज्याला आपण मेलेले समजतो ते मशीन पासवर्ड मागत उभे असते. कर्नल बूट झालेला आहे. खटला त्याच्यावरच का भरायचा?

प्रतिपक्ष म्हणेल, आम्हाला कारणांचा कीस नको. कर्नल बदलला नसता तर हे झाले नसते, एवढे पुरे आहे. पुरे नाही. साखळी कुठे तुटली हे कळले तर ती पाच मिनिटांत सांधता येते, आणि बहुतेक वेळा पुन्हा तिथे तुटत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. उबुंटू २२.०४ च्या डेस्कटॉपवर २०२४ च्या सुरुवातीला हार्डवेअर एनेबलमेंट मालिकेतून ६.५ हा कर्नल आला. अनेकांचे एनव्हिडिया त्या दिवशी बंद पडले आणि ‘६.५ खराब आहे’ असा बोभाटा झाला. घडले होते ते वेगळेच. २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११. हा कर्नल मात्र जीसीसी १२ ने बांधलेला होता, आणि बांधणीच्या पर्यायांत व्हेरिएबल आपोआप शून्य करून देणारा एक पर्याय होता, जो जीसीसीमध्ये बाराव्या आवृत्तीपासूनच आला. ज्या मशीनवर जीसीसी १२ नव्हता, तिथे डीकेएमएसने ११ ने मॉड्यूल बांधायला घेतले. अनोळखी पर्याय पाहून कंपायलर पहिल्याच फायलीवर थांबला. व्हार-लिब-डीकेएमएस या डिरेक्टरीतल्या मेक-लॉग फायलीत ही तक्रार स्वच्छ लिहिलेली होती. इलाज एका ओळीचा: जीसीसी १२ बसवा आणि डीकेएमएसला पुन्हा बांधायला सांगा. ज्यांनी लॉग वाचला त्यांचे मशीन चहा होईपर्यंत चालू झाले. ज्यांनी वाचला नाही त्यांनी कर्नल गोठवला, काहींनी सिस्टिम पुसून नव्याने टाकली. यात कर्नलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये एक ओळ तरी चुकीची होती का? नव्हती. एक कंपायलर कमी होता.

साखळीच्या इतर कड्याही अशाच साध्या असतात. सगळ्यात नेहमीची म्हणजे हेडर्सची. मॉड्यूल बांधायला त्याच आवृत्तीच्या कर्नलची हेडर्स लागतात. हेडर्सचे मेटापॅकेज कधीतरी साफसफाईत निघून गेलेले असते, म्हणून नवा कर्नल उतरतो आणि त्याची हेडर्स उतरत नाहीत. फेडोरावर एकेमॉड्सला बांधणीसाठी काही मिनिटे लागतात. अपडेट संपल्याबरोबर रीस्टार्ट करणारा घाईत ती मोडतो.

सिक्युअर बूट ही थोडी अवघड कडी. तो चालू असेल तर सहीशिवायचे मॉड्यूल कर्नल घेत नाही. मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर मशीनच्याच किल्लीने सही होते, आणि ती किल्ली विश्वासातल्या किल्ल्यांच्या यादीत एकदा नोंदवावी लागते. त्यासाठी पुढच्या बूटला एक निळी स्क्रीन येते. ती थोडेच सेकंद थांबते, आणि धास्तावलेला माणूस ‘कंटिन्यू बूट’ निवडून पुढे जातो. किल्ली नोंदली जात नाही. लॉगमध्ये ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ अशी ओळ उमटते. बायॉस रीसेट केल्यावर आधी नोंदलेली किल्लीही जाऊ शकते. नव्या कर्नलने यात कोणते पाप केले? तो नियम पाळत होता.

आणखी एक प्रकार असा की ज्याचा ग्राफिक्सशी संबंधच नसतो. डिस्क एन्क्रिप्ट करून बसवलेल्या मशीनवर बूट हे वेगळे, लहान पार्टिशन असते. जुने कर्नल साठत जातात, ते भरते, आणि नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस अर्धवट राहते किंवा तयारच होत नाही. मग बूटच्या वेळी रूट फाइलसिस्टिम सापडत नाही म्हणून कर्नल पॅनिक होतो. ग्रबच्या ओळीतले ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द संदेश झाकून टाकतात, म्हणून माणसाला फक्त अंधार दिसतो आणि तो ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसतो. ते दोन शब्द काढून एकदा बूट केले असते तर शेवटच्या चार ओळींनी सगळे सांगितले असते.

आता तिसरा मुद्दा, पूर्वपक्षाचा खरा किल्ला. कर्नलच्या आतला इंटरफेस स्थिर नाही, हे अगदी खरे. कर्नलकार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याची कारणे लिहिलेला दस्तऐवज कर्नलच्या सोर्समध्येच आहे. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा की आतला इंटरफेस गोठवला तर त्यातल्या चुकाही गोठतात. यूएसबीचा आतला इंटरफेस निदान तीनदा नव्याने रचला गेला, म्हणूनच तो सुधारला. जे ड्रायव्हर सोर्समध्ये आहेत, त्यांच्यात तो बदल करणाऱ्यानेच सुधारणा करायची असते. वापरकर्त्याला कळतही नाही. बाहेरच्या जगाशी, म्हणजे वापरकर्त्याच्या प्रोग्रामांशी असलेला इंटरफेस मात्र कर्नल कसोशीने जपतो, आणि तो मोडणाऱ्या बदलांवर लिनस टोरव्हाल्ड्स किती कडाडून तुटून पडतात हे सर्वश्रुत आहे. म्हणजे अस्थिरता आहे ती भिंतीच्या आत, आणि तिचा त्रास होतो तो आतले काम बाहेर राहून करणाऱ्यालाच.

मग बाहेर राहण्याचा निर्णय कोणाचा? एनव्हिडियाचा. एनव्हिडियाच्या जुन्या पद्धतीच्या मॉड्यूलमध्ये आधीच कंपाइल केलेला एक बंद तुकडा असतो आणि त्याला कर्नलशी जोडणारा एक उघडा थर. मशीनवर बांधला जातो तो हा थर, आणि तुटते तेही तिथेच. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरच्या ५१५ मालिकेपासून ट्युरिंग पिढीच्या आणि नंतरच्या कार्डांसाठी मॉड्यूलचा सोर्स खुला केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण ते मॉड्यूल अजूनही कर्नलच्या सोर्सबाहेरच आहे, म्हणून बांधणीची साखळी कायम आहे.

पूर्वपक्ष इथे ऑक्टोबर २०२० चा दाखला देऊ शकतो, आणि तो मी लपवत नाही. ११ ऑक्टोबरला ५.९ आला आणि एनव्हिडियाने सांगितले की त्याला चालणारा ड्रायव्हर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येईल, तोवर त्या कर्नलवर जाऊ नका. महिनाभराची ती पोकळी खरी होती. पण त्या महिन्यात ५.९ कोणाच्या मशीनवर आपणहून आला? आर्चसारख्या रोलिंग डिस्ट्रोंवर. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या उबुंटू २०.१० मध्ये ५.८ होता. शिवाय कर्नलची प्रत्येक आवृत्ती बाहेर येण्याआधी कित्येक आठवडे रिलीज कँडिडेटच्या रूपात सर्वांसमोर उघडी असते. तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला पुरतो आणि कोणाला पुरत नाही, याचा निवाडा वाचकांनी करावा.

आणि ज्याला आतला इंटरफेसही स्थिर हवा आहे, त्याला तो मिळत नाही असेही नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स एका मुख्य आवृत्तीच्या आयुष्यात निवडक सिम्बल्सची यादी जपते. तिथे स्थैर्य ही सेवा म्हणून, जाणीवपूर्वक दिली जाते. घरी कर्नल गोठवणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही. त्याला मिळतो फक्त जुना कर्नल.

जुना कर्नल म्हणजे काय, हे दोन दाखल्यांत दिसते. ७ मार्च २०२२ ला डर्टी पाइप हा दोष जाहीर झाला. तो ऑगस्ट २०२० च्या ५.८ मध्ये शिरला होता. ज्या फायलीचा फक्त वाचण्याचा अधिकार आहे, तिच्यावर कोणताही साधा वापरकर्ता त्याच्या जोरावर लिहू शकत होता. ‘माझा ५.१० उत्तम चालतो’ म्हणून ज्याने त्याच बिल्डवर खिळा ठोकला, त्याच्या मशीनवर ते दार उघडेच राहिले. यावर उत्तर येते की ५.४ वर थांबलेला तर वाचलाच. वाचला, पण त्या एका दोषातून. डर्टी काउ हा दोष २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होता आणि उघडकीस आला ऑक्टोबर २०१६ मध्ये. तिथे जुने म्हणून सुरक्षित असे काहीच नव्हते. नव्या कर्नलमधून सामान्य माणसाला काय मिळते, या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर हेच. दिसण्यासारखे काही मिळाले नाही तरी बंद झालेली दारे मिळतात.

उरला चौथा मुद्दा, तात्पुरत्या उपायांचा. ‘नोमोडसेट’ हा निदानाचा उत्तम मार्ग आहे आणि राहण्याची वाईट जागा. तो घातला की कर्नलमधले ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतात आणि चित्र फर्मवेअरने दिलेल्या फ्रेमबफरवर चालते. रिझोल्यूशन एकच, बाहेरचा मॉनिटर बहुधा नाही, आणि प्रत्येक खिडकी सीपीयूने रंगवायची. पंखा ओरडू लागतो, ब्राउझरमध्ये व्हिडिओ अडखळतो, आणि मग तोच माणूस म्हणतो की लिनक्स संथ आहे. कंपनीच्या साइटवरचा इन्स्टॉलर त्याहून घातक. तो आपल्या लायब्ररी डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरला न सांगता ठेवतो. पुढे पॅकेज मॅनेजर त्यातल्या काही बदलतो, काही तशाच राहतात, आणि कर्नलमधल्या मॉड्यूलची आवृत्ती एक, लायब्ररीची दुसरी अशी अवस्था येते. ही गुंतागुंत सोडवताना अनुभवी माणसालाही घाम फुटतो. सिस्टिम नव्याने टाकण्याच्या सल्ल्याला तर एकच प्रश्न पुरेसा आहे: जुन्या कर्नलने बूट करून पाहिले का?

हा प्रश्न खरे तर सगळ्या चर्चेच्या आधी यायला हवा. उबुंटू आणि डेबियन आधीचा कर्नल जपून ठेवतात, फेडोरा नेहमीच्या मांडणीत तीन ठेवतो. चालू करताना एस्केप किंवा शिफ्ट धरा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा, मागचा कर्नल निवडा. डेस्कटॉप आला तर एका फटक्यात सिद्ध झाले की कार्ड, केबल, डेस्कटॉप आणि ड्रायव्हरच्या लायब्ररी सगळे ठीक आहे. दोष फक्त नव्या कर्नलच्या आणि मॉड्यूलच्या जोडणीत. मग तिथूनच ‘डीकेएमएस स्टेटस’ विचारा. जुन्या कर्नलच्या ओळीपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसेल आणि नव्याची ओळच नसेल, तर हेडर्स आणि मेक-लॉग पाहा. दोन्ही ओळी असतील तर मागच्या फसलेल्या बूटचा कर्नल लॉग ‘जर्नलसीटीएल’ने काढा आणि सहीची तक्रार शोधा. तीही नसेल तर बूट पार्टिशनची जागा पाहा. आर्चवर जुना कर्नल आपोआप राहत नाही, म्हणून तिथे एलटीएस कर्नल शेजारी बसवून ठेवणे हे प्रत्येकाचे पहिले काम असले पाहिजे.

आणि ज्याला खरोखर शांतता हवी आहे, त्याच्यासाठी गोठवण्याहून चांगली सोय आधीपासून आहे. मॉड्यूलची बांधणी बहुधा मोडते ती मालिका बदलताना, ६.२ वरून ६.५ वर जाताना. एकाच मालिकेतल्या सुरक्षा दुरुस्त्यांत फार क्वचित. उबुंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५. त्या मालिकेवर राहिले तर दुरुस्त्या येत राहतात आणि उडी येत नाही. हार्डवेअर एनेबलमेंटचे मेटापॅकेज काढून ‘लिनक्स-जेनेरिक’ घातले की झाले, अर्थात हार्डवेअर ५.१५ ला पेलणारे हवे. शिवाय उबुंटू एनव्हिडियाची आधीच बांधलेली, स्वतःच्या सहीची मॉड्यूल्स कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर देतो. ती घेतली तर डीकेएमएस, कंपायलर, निळी स्क्रीन या सगळ्यांतून सुटका होते. कर्नल गोठवा म्हणणारे हा मार्ग का सांगत नाहीत, हे मला खरोखर कळलेले नाही.

कर्नल कधीच दोषी नसतो, असा माझा दावा नाही. आय९१५ आणि एएमडीजीपीयूमध्येही चुका शिरतात. कधी पॅनेल लुकलुकते, कधी झोपवलेला लॅपटॉप जागा होत नाही. तिथे मॉड्यूल पुन्हा बांधून उपयोग नाही. मागच्या कर्नलवर थांबावे, दोष नोंदवावा आणि पुढची दुरुस्ती पाहावी. असे थांबणे एका नेमक्या दोषासाठी असते आणि तो सुटला की संपते.

सगळ्यात कठीण प्रश्न जुन्या कार्डांचा. एनव्हिडियाची फर्मी पिढीची कार्डे ड्रायव्हरच्या ३९० मालिकेवर चालत, आणि तिचा पाठिंबा २०२२ च्या अखेरीस संपला. नव्या कर्नलसाठी तिचा जोडणीचा थर आता कंपनी सुधारत नाही. इथे गोठवणाऱ्यांचा पक्ष सगळ्यात बळकट दिसतो. तरीही त्यांचा इलाज इथेही अपुराच आहे, कारण एक बिल्ड गोठवणे आणि एका लाँगटर्म शाखेवर राहणे यांत फरक आहे. ३९० ज्या लाँगटर्म शाखेवर बांधता येते, तिला दुरुस्त्या येत आहेत तोवर त्या शाखेवर राहावे. तिचा पाठिंबा संपला की नूव्होवरची बंदी काढून त्याच्याकडे जावे. वेग कमी मिळेल, खेळ चालणार नाहीत. पण चित्र येईल, आणि अपडेट झालेल्या कर्नलबरोबर दुसऱ्या दिवशीही येईल.